बापाची अट आणि पोराचा शब्द

बारावीचा निकाल लागला की आमच्या पिंप्राळ्यात आधी दोन दिवस पेढे वाटले जातात आणि मग महिनाभर घराघरात भांडण चालतं. पोरगं म्हणतं मला हे शिकायचंय, बाप म्हणतो ते शिकून पोट भरत नाही, आणि आई बिचारी दोघांच्या मधे पोळपाट-लाटणं घेऊन उभी! दरवर्षीचंच आहे हे. आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघेपर्यंत बहुतेक घरातली भांडणं मिटलेली असतात. मिटलेली म्हणजे काय, तर पोरांनी तोंड मिटलेलं असतं.

यंदा आमच्या बचत गटातली एक सखी भर दुपारी माझ्याकडे आली. सोबत पोरगी. सखीचे डोळे सुजलेले, पोरीचे कोरडे. पोरगी हुशार, बारावी सायन्सला चांगले मार्क. तिला बीएस्सी करायचं, तेही गणित घेऊन. वडील एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात पाळीवर जातात. त्यांचं म्हणणं, नर्सिंगला जा, चार वर्षांत हाताला काम मिळेल, मागे दोन भावंडं आहेत. समजवा वो ताई हिला, काही ऐकूनच नाही राहिली, असं सखी परत परत सांगत होती.

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला समजवायला तोंड नव्हतं. कारण हाच खेळ मी माझ्या घरात खेळून हरले आहे. माझ्या थोरल्याला भूगोलाचं वेड होतं. नकाशे काढत बसायचा. त्याला आर्ट्सला जाऊन भूगोल घ्यायचा होता. आम्ही दोघांनी त्याला इंजिनिअरिंगला घातलं. मी स्वतः बीए झालेली बाई, पण बीए करून काय दिवे लावणार, हे वाक्य त्याला सगळ्यात आधी मीच ऐकवलं! दुसऱ्या वर्षाला सात विषय राहिले. एका रात्री तो ट्रंक घेऊन घरी आला आणि पुढे किती तरी महिने जेवायला ये म्हटलं की ये, नाही म्हटलं की नाही, एवढंच आमचं बोलणं उरलं. नंतर त्याने भूगोलच केला, एमए झाला, आज जमिनीच्या मोजणीच्या कामात आहे, बरं चाललंय. पण ती गेलेली वर्षं आणि तो अबोला मला अजून रात्री आठवतो.

त्या अबोल्याच्या दिवसांत मी वाचनालयातून एक चरित्र आणलं होतं. डॉ. होमी भाभांचं. अणुशास्त्रज्ञ म्हणून नाव माहीत होतं, शाळेच्या पुस्तकात फोटो पाहिला होता, एवढंच. पण वाचता वाचता एका जागी मी थबकले. अरे, हे तर आमच्याच घरातलं भांडण! त्या दुपारी मी मायलेकींना चहा दिला आणि भाभांचीच गोष्ट सांगायला घेतली. तीच आज तुम्हालाही सांगते.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरातला. वडील जहांगीरजी इंग्लंडात शिकून आलेले बॅरिस्टर, टाटांच्या उद्योगाचं कायद्याचं काम पाहणारे. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे मोठे अधिकारी होते. आई मेहेरबाई. आणि वडिलांची बहीण, तिचंही नाव मेहेरबाईच, ती जमशेदजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा यांना दिलेली. म्हणजे होमीची सख्खी आत्या टाटांच्या घरात. ही आत्या लक्षात ठेवा, गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

लहानपणी होमी झोपायचाच कमी. आईवडील घाबरले, डॉक्टरांना दाखवलं. मुलाचं डोकं सारखं चालतंय म्हणून झोप कमी आहे, बाकी काही दोष नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं त्यांच्या चरित्रांत येतं. मग घरच्यांनी काय केलं, तर त्या चालणाऱ्या डोक्याला खाऊ पुरवला. घरात पुस्तकं होती, पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्डी होत्या, चित्रकला शिकवायची सोय होती. पोरगा सोळा वर्षांचा व्हायच्या आत आईन्स्टाईनचा सापेक्षतावाद वाचत होता असं सांगतात. सांगायचा मुद्दा असा, की हे आईबाप पोराच्या आवडीचे वैरी नव्हते. आपणही कुठे असतो? लहानपणी आपण चित्र काढणाऱ्या पोराला कौतुकाने रंगपेटी आणतोच की. प्रश्न येतो बारावीनंतर!

मुंबईत कॅथेड्रल शाळा, मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असं करून १९२७ साली होमी इंग्लंडला केंब्रिजला गेला. कशासाठी? तर यंत्र अभियांत्रिकी, म्हणजे मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला. वडिलांचं आणि दोराबजी फुवांचं ठरलेलं होतं. पोराने इंजिनिअर व्हायचं, परत यायचं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात मोठ्या जागेवर बसायचं. दोराबजींना मूलबाळ नव्हतं. घरचा हुशार भाचा कारखान्यात यावा, असं त्यांना वाटलं तर त्यात चूक काय? नोकरी शोधायची नाही, कुणाच्या पाया पडायचं नाही, पानं वाढून तयार. फक्त जाऊन बसायचं.

पण केंब्रिजमध्ये गेल्यावर पोराचा जीव दुसरीकडेच जडला. त्या काळात केंब्रिज म्हणजे भौतिकशास्त्राची पंढरीच होती. रदरफोर्ड तिथे प्रयोगशाळा चालवत होते. पॉल डिरॅक नावाचे जेमतेम पंचविशीचे गणिती तिथे नव्या पदार्थविज्ञानाची मांडणी करत होते. गंमत बघा, हे डिरॅक स्वतः आधी इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालेले होते आणि मग गणिताकडे वळलेले! होमीला कळून चुकलं की आपली जागा लोखंडाच्या भट्टीजवळ नाही, इथे आहे.

मग त्याने काय केलं? इथे मी सखीच्या पोरीला म्हटलं, नीट ऐक. त्याने रुसून कॉलेज सोडलं नाही. घरी इंजिनिअरिंग सांगून तिकडे भलतंच शिकण्याचा चोरटेपणा केला नाही. मुद्दाम नापासही झाला नाही. १९२८ च्या ऑगस्टमध्ये त्याने वडिलांना पत्र लिहिलं. तेव्हा त्याला एकोणिसावंही पूर्ण झालं नव्हतं. पत्रात त्याने स्वच्छ सांगून टाकलं की धंदा किंवा इंजिनिअरची नोकरी आपल्या स्वभावाला मानवणारी नाही, मोठा पगार आणि मोठी खुर्ची याची आपल्याला ओढ नाही, भौतिकशास्त्र हाच आपला रस्ता आहे आणि त्यात आपण काही तरी करून दाखवू. संगीतासाठी जन्मलेल्या माणसाला विज्ञान थोर आहे म्हणून वैज्ञानिक हो म्हणता येत नाही, अशा अर्थाचा दाखलाही त्याने दिला. आणि शेवटी भौतिकशास्त्र शिकू द्या म्हणून कळकळीने विनवलं. पत्र ठाम आहे, पण त्यात बापाचा अपमान नाही.

आता बापाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. हजारो मैलांवर पोरगं, पाण्यासारखा पैसा घातलेला, घरच्या मोठ्या माणसाला शब्द दिलेला, आणि पोरगं म्हणतंय हे नको मला! त्या काळात हिंदुस्थानात भौतिकशास्त्र शिकून करायचं काय, हाही प्रश्न होताच. प्राध्यापकाची नोकरी, तीही मिळाली तर. आपल्यापैकी कितीजणी शांत राहिल्या असत्या? मी तर नव्हते राहिले.

जहांगीरजींनी सरळ नाही म्हटलं नाही आणि लगेच होही म्हटलं नाही. त्यांनी अट घातली. हाती घेतलेली मेकॅनिकलची परीक्षा आधी पूर्ण कर, तीही पहिल्या वर्गात. तसं झालं तर पुढे केंब्रिजलाच गणित शिकण्याचा खर्च मी करीन.

पोराने अट मान्य केली. ज्या विषयात मन नाही त्याचा अभ्यास त्याने मन लावून केला आणि १९३० च्या जूनमध्ये पहिला वर्ग घेऊन दाखवला. आणि बापानेही शब्द पाळला! आता मिळालाच आहे पहिला वर्ग तर जा की जमशेदपूरला, असं म्हणून ते फिरले नाहीत. पुढे दोन वर्षं डिरॅकसारख्यांच्या हाताखाली गणित शिकून १९३२ साली होमीने त्याही परीक्षेत पहिला वर्ग मिळवला. त्याच वर्षी केंब्रिजच्या प्रयोगशाळेत न्यूट्रॉनचा शोध लागला. पोरगं बरोबर वेळी बरोबर जागी होतं.

यापुढची गोष्ट मोठी आहे, थोडक्यात सांगते. भाभांनी विश्वातून पृथ्वीवर येणाऱ्या किरणांवर काम केलं. इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट भाऊ पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले की काय होतं याचं गणित त्यांनी मांडलं, त्याला आजही जगभर भाभांचंच नाव आहे. १९३७ मध्ये हाइटलर या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी आकाशातून येणारा एक कण हवेत शिरला की त्यातून कणांचा पाऊस कसा पडतो ते सांगितलं. १९३९ मध्ये ते सुट्टीला म्हणून घरी आले आणि तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं. परत जाणं राहून गेलं. मग बंगळूरच्या विज्ञान संस्थेत, जिथे सी. व्ही. रामन होते, तिथे ते रुजू झाले. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं. पुढच्याच वर्षी, १९४२ ला, वडील वारले. आपल्या अटीचं फळ काय निघालं, त्याची सुरुवात तरी त्या बापाने डोळ्यांनी पाहिली, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

आता दोराबजी फुवांचं काय झालं ते ऐका. आत्या मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेली. मोठी कर्तबगार बाई होती ती. बालविवाहाविरुद्ध बोलणारी, बायकांच्या संघटना बांधणारी. तिच्या मागोमाग १९३२ मध्ये दोराबजीही गेले. जाण्यापूर्वी त्यांनी आपली संपत्ती ट्रस्टच्या नावे केली होती. भाचा काही त्यांच्या कारखान्यात आला नाही. पण १९४४ च्या मार्चमध्ये याच भाच्याने सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं, की आपल्या देशात मूलभूत संशोधनाची एक चांगली संस्था हवी, म्हणजे उद्या अणुशक्ती वापरायची वेळ आली तर तज्ज्ञांसाठी बाहेर बघावं लागणार नाही. ट्रस्टने ऐकलं. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. आधी बंगळूरला, मग त्याच वर्षी मुंबईत, पेडर रोडवरच्या केनिलवर्थ नावाच्या बंगल्यात. तो बंगला कुणाचा? होमीच्या नातलगांचाच. म्हणजे ज्या फुवांच्या कारखान्याला पोराने नकार दिला, त्यांच्याच पैशावर पोराचं स्वप्न उभं राहिलं. माणसं रागावतात, दुखावतात, पण नातं तोडलं नाही तर ते असं कधी तरी उभं राहतं.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली अणुशक्ती आयोग झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष. तुर्भ्याला, ज्याला आपण ट्रॉम्बे म्हणतो, तिथे ४ ऑगस्ट १९५६ ला अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. इंधन इंग्लंडचं, पण भट्टी आपल्या माणसांनी बांधलेली. आणि इथेच मला ती बापाची अट पुन्हा आठवली. अणुभट्टी म्हणजे नुसतं कागदावरचं गणित नसतं. पाण्याचे हौद, पंप, नळ, पोलाद, मापं, सगळा मेकॅनिकलचाच कारभार! जे पोराला नको होतं ते शिक्षण अशा ठिकाणी वाया गेलं नसणार, असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं मुंबईचं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. आपल्याकडे कुणाला गाठ निघाली की पहिलं नाव निघतं टाटाचं. सकाळची गाडी, हातात फायली, परळला जाऊन काढलेले नंबर, आपल्यातल्या किती जणींनी हे केलंय! ते टाटा हॉस्पिटल १९४१ साली दोराबजींच्या ट्रस्टनेच उभारलं, त्यामागे आत्या मेहेरबाईच्या आजाराचं दुःख होतं. आणि १९६२ मध्ये, भाभांच्याच काळात, ते अणुऊर्जा खात्याकडे आलं. आज गरीब बाईला तिथे शेक मिळतो त्यात या घराचा हात आहे. आपल्या शेतात पेरतात तो टीएजी-२४ भुईमूग भाभांच्या नावाच्या केंद्राने अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर काढलेला. तिकडे लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून किरणांची प्रक्रिया करतात, तेही याच केंद्राचं काम.

भाभांनी लग्न केलं नाही. चित्रं काढायची त्यांची सवय शेवटपर्यंत होती. माणसांची पेन्सिलने काढलेली त्यांची चित्रं आजही बघायला मिळतात. संस्थेच्या भिंतींसाठी त्यांनी नव्या चित्रकारांची चित्रं जमवली, इमारतीच्या आड येणारी झाडं तोडण्याऐवजी मुळासकट उचलून दुसरीकडे लावून घेतली. एक आवड पोटापाण्याची केली म्हणून दुसरी मारून टाकावी लागत नाही, हेही त्यांच्याकडे बघून कळतं.

२४ जानेवारी १९६६ ला ते परदेशी बैठकीसाठी निघाले होते. कांचनजंगा नावाचं एअर इंडियाचं विमान युरोपातल्या मों ब्लां या बर्फाच्या डोंगरावर आदळलं. एकशे सतरा माणसं गेली, त्यात भाभाही. वय छप्पन. पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं.

गोष्ट संपली तेव्हा चहाचे कप केव्हाच गार झाले होते. सखीने एकच प्रश्न विचारला आणि तो बरोबर होता. ते टाटांचं घर होतं वो ताई, दोन-दोन परीक्षांचा खर्च झेपला त्यांना, आमच्याकडे एकीचा झेपायची मारामार, त्याचं काय?

खरंय. भाभांना पडायला गादी होती, आपल्या पोरांना फरशी आहे. चटईच्या कारखान्यात बारा तास उभा राहणारा बाप नोकरीचं बोलतो तेव्हा तो दुष्ट नसतो, तो भ्यालेला असतो. आणि नर्सिंग काही कमी दर्जाचं नाही, ज्या पोरीला आवड आहे तिने ते मानाने करावं. म्हणून मी तिला भाभांसारखं कर असं म्हटलं नाही. पण त्या बापलेकांकडून तीन गोष्टी फुकट घेता येतात, त्याला टाटांचं घर लागत नाही. पोराने आपलं म्हणणं लपवाछपवी न करता, नीट विचार करून सांगावं. बापाने नाही म्हणण्याऐवजी पार पाडता येईल अशी अट घालावी. आणि दोघांनी आपापला शब्द पाळावा. माझ्या घरी यातलं काहीच झालं नव्हतं. पोरगं गप्प बसलं, आम्ही त्याला होकार समजलो. त्याचं म्हणणं पाच मिनिटं ऐकून घेतलं असतं तर ती ट्रंक त्या रात्री दारात आली नसती.

त्या रविवारी पोरीचे वडीलही आले. पोरगी आईच्या मागे न लपता समोर बसली. आधी तिने लिहून आणलं होतं ते वाचलं. बीएस्सीची फी किती, जळगावातच कॉलेज असल्याने राहण्याचा खर्च नाही, सकाळी लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन पुस्तकांचे पैसे ती काढेल, पुढे बीएड किंवा बँकेच्या परीक्षा देता येतात. बाप बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने अट घातली. पहिल्या वर्षाला पहिला वर्ग आला पाहिजे. नाही आला तर मी म्हणेन ते करायचं, आणि मग रडायचं नाही. पोरीने मान डोलावली. मी साक्षीदार! निघताना तो बाप दारात थांबला आणि पोरीच्या वहीत तिने केलेला हिशोब पुन्हा एकदा स्वतः बेरीज करून बघितला. बरोबर आहे, एवढंच म्हणाला.

परवा शिकवणीला निघालेली ती दिसली, पाठीवर दप्तर, हातात खडूचा डबा. पहिल्या वर्षाचा निकाल अजून लागायचाय. काय होईल, मला माहीत नाही. हे लिहून झालं की मी माझ्या थोरल्याला फोन करणार आहे. त्या दिवसांत तुला काय सांगायचं होतं रे, हे मी त्याला अजून विचारलेलंच नाही.